धागा तुटला की माग थांबतो का? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा निवडताना सुरक्षितता आणि सिंटॅक्सचा हिशेब

ऑटो लूमवर प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लटकत असते. तिला ड्रॉप पिन म्हणतात. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते, दांडीला टेकते, सर्किट पूर्ण होतं आणि माग जागच्या जागी थांबतो. आडव्या धाग्यासाठी हेच काम वेफ्ट फोर्क करतो. साध्या यंत्रमागावर ड्रॉप पिन नसते. तिथे धागा तुटला तरी धोटा पळतच राहतो आणि विणकराची नजर जाईपर्यंत वावभर चादर वाया गेलेली असते. तिसरी गोष्ट जकार्डची. नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं माग सुरू व्हायच्या आधीच टेबलावर मांडून तपासता येतात. चुकीचं भोक तिथेच सापडलं तर एक इंचही कापड खराब होत नाही.

प्रोग्रामिंग भाषांचंही असंच आहे. काही भाषा चूक कार्डावरच पकडतात, म्हणजे कोड चालायच्या आधी, कंपाइल होतानाच. काही भाषा चालता चालता थांबतात आणि ओरडतात. काही मात्र मुकाट विणत राहतात. भाषा निवडायला बसलं की बोलणं बहुतेक वेळा ‘पायथन किती सुटसुटीत’, ‘जावात किती लिहावं लागतं’ इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं. सिंटॅक्सला, म्हणजे कोड लिहिण्याच्या पद्धतीला, महत्त्व आहेच, पण आधी तुटलेल्या धाग्याचं काय होतं ते पाहावं.

पुढे बहुतेक ठिकाणी उदाहरण एकच धरलं आहे: चादरी आणि टॉवेल काढणारा साठ मागांचा कारखाना. त्याचं बीमचं (उभा धागा गुंडाळलेल्या रुळाचं) रजिस्टर, पाळीनिहाय नग, कामगारांचा आठवड्याचा पगार आणि व्यापाऱ्यांची बिलं. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत अशा प्रत्येक गोष्टीची माहिती (फील्ड) आणि तिची कामं (मेथड) क्लास नावाच्या एका साच्यात एकत्र ठेवतात. कोडचे तुकडे देवनागरीत दिले आहेत, एडिटरमध्ये कीवर्ड अर्थातच मूळ लिपीत लागतील.

पहिली पायरी: चुकांची वही

भाषांची यादी करण्याआधी चुकांची यादी करा. तुमच्या कामात खरोखर होऊ शकतील अशा दहा चुका पुरतात. वरच्या कारखान्यासाठी ती यादी अशी होईल:

१. मागावर बीम चढलेलाच नाही, तरी रिपोर्ट त्याची लांबी विचारतो.
२. लांबी यार्डात आली आणि कोडने ती मीटर समजून घेतली.
३. दर दशांशात ठेवला, पगाराची बेरीज पैशांत चुकते.
४. मोठी बेरीज इंटिजरच्या (पूर्णांकाच्या) मर्यादेबाहेर जाते.
५. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं.
६. दोन क्रमांक सारखे आहेत का, ही तुलनाच चुकीची केली.
७. नगाला ‘रफू’ ही नवी स्थिती दिली, पण जुन्या रिपोर्टमध्ये ती हाताळलीच नाही.
८. रात्रपाळीच्या क्लासमध्ये मेथडचं नाव किंचित वेगळं पडलं, म्हणून मूळ क्लासचीच मेथड चालते.
९. बाहेरून आलेल्या एक्सेल फाइलमध्ये रकाना रिकामा आहे.
१०. दोन काउंटरवरून तीच शेवटची गाठ (मालाचा गठ्ठा) एकाच वेळी विकली गेली.

प्रत्येक चुकीपुढे वजन लिहा. पैशाचा हिशेब बिघडवणाऱ्या चुकीला ३, माल किंवा नोंद बिघडवणारीला २, नुसता स्क्रीन बंद पाडणारीला १. शेवटच्या वर्गाला कमी वजन का? स्क्रीन बंद पडली तर दोन मिनिटांत फोन येतो. चुकीचा पगार वाटला गेला तर तो पुढच्या आठवड्यात, तोही ज्याला कमी मिळाला त्याच्याकडूनच कळतो. ज्याला जास्त मिळाला तो सांगायला येईलच असं नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक चूक मुद्दाम करून पाहा

तीनपेक्षा जास्त भाषा उमेदवारीत घेऊ नका. प्रत्येक भाषेत माग, बीम, कामगार आणि बिल एवढे चार क्लास लिहा आणि वहीतल्या दहाही चुका हाताने पेरा. एका भाषेला दीड-दोन दिवस पुरतात. गुण असे द्या: कंपाइलरने किंवा एडिटरने अडवलं तर ३, वेगळं टूल लावल्यावर अडवलं तर २, चालताना थांबून ओरडलं तर १, काहीच न बोलता चुकीचं उत्तर दिलं तर ०. गुण गुणिले वजन, मग बेरीज. दोन भाषांमध्ये पाच-सहा गुणांचाच फरक निघाला तर तो विसरून जा आणि सिंटॅक्सवर निर्णय घ्या. शून्य कुठे मिळालं हे मात्र बेरजेपेक्षा जास्त पाहण्यासारखं असतं.

काही चुका जवळून पाहू.

रिकामा बीम. ‘काहीच नाही’ हे दाखवणारा नल टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेत आणला, आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन, स्विफ्ट आणि डार्ट या भाषांत ‘असेल किंवा नसेल’ हे टाइपमध्येच, म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची हे सांगतानाच, लिहावं लागतं. कॉटलिनमध्ये बीमचा टाइप ‘बीम?’ असा प्रश्नचिन्हासह दिला की ‘माग.बीम.लांबी’ ही ओळ कंपाइलच होत नाही. डार्टमध्ये ही सोय २०२१ च्या २.१२ आवृत्तीत आली आणि ३ पासून ती सक्तीची आहे. सी शार्पमध्ये ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, असंच लिहिता येतं. पण तिथे चूक झाली तर फक्त पिवळी वॉर्निंग मिळते, आणि पिवळ्या वॉर्निंगची सवय लागायला एक आठवडा पुरतो. जावा ही चूक कंपाइल करताना पकडत नाही. १५ व्या आवृत्तीपासून निदान कुठला भाग नल होता हे एररमध्ये नीट सांगते. पायथनला मायपाय हे टाइप तपासणारं टूल लावलं आणि टाइप लिहिले तरच आधी कळतं.

इथे एक पळवाट आहे आणि ती सगळेच वापरतात. कंपाइलर अडवतोय म्हणून ‘माग.बीम?.लांबी ?: ०’, म्हणजे ‘बीम नसेल तर शून्य धर’, असं लिहून मोकळं व्हायचं. कंपाइलर खूश, पण रिपोर्टमध्ये आता बीमची लांबी शून्य मीटर दिसते. बीम संपत आला असं समजून कुणीतरी नव्या बीमची ऑर्डर देऊन टाकतं. मागावर बीम नसणं वेगळं आणि बीम संपलेला असणं वेगळं. बीम नसेल तर स्क्रीनवर ‘बीम नाही’ असंच यायला हवं. भाषा तुम्हाला इथे थांबवू शकते, थांबल्यावर काय करायचं ते सांगू शकत नाही.

यार्ड आणि मीटर. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. ५०० यार्डांचा बीम कोडने ५०० मीटर धरला तर प्रत्यक्षात ४५७.२ मीटरच हातात असतात. फरक ४२.८ मीटरचा. नव्वद इंची चादर धरली तर विणताना होणारं आकुंचन सोडूनही अठरा चादरी कागदावरच राहतात. दोन्ही आकडे डबल या साध्या दशांशाच्या टाइपमध्ये ठेवले तर जगातली कुठलीच भाषा ही चूक पकडणार नाही. उपाय म्हणजे ‘मीटर’ आणि ‘यार्ड’ हे वेगळे छोटे टाइप करणं. इथे सिंटॅक्स आणि सुरक्षितता एकत्र येतात. कॉटलिनमध्ये व्हॅल्यू क्लासने हे एका ओळीत होतं, सी शार्प आणि जावामध्ये रेकॉर्डने. जुन्या जावात यासाठी पंचवीस-तीस ओळी लागायच्या, म्हणून कुणी ते करतच नसे. पायथनमध्ये न्यूटाइप आहे, पण तो फक्त मायपायला दिसतो; चालताना सगळं नुसता आकडाच.

मोठी बेरीज. हे उदाहरण मार्केट यार्डातल्या कांद्याचं घेऊ, कारण चादरीपेक्षा तिथे आकडे लवकर फुगतात. समजा एका दिवसाच्या लिलावात २०,००० क्विंटल कांदा सरासरी १,५०० रुपयांनी गेला. एकूण ३ कोटी रुपये. अपूर्णांकाचा घोळ नको म्हणून रक्कम पैशांत ठेवली, म्हणजे ३०० कोटी पैसे. साध्या ३२ बिटी इंटिजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ कोटी १४ लाखांच्या पुढे बेरीज गेली की आकडा उलटतो. जावा, कॉटलिन आणि सी शार्प नेहमीच्या सेटिंगमध्ये एक शब्द न बोलता उत्तर देतील: उणे १,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. स्विफ्ट तिथेच प्रोग्राम थांबवते. पायथनचा इंटिजर हवा तेवढा वाढतो, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी काय व्हावं हे भाषेचे नियमच सांगत नाहीत. उपाय सोपे आहेत: रक्कम लाँग या मोठ्या इंटिजरमध्ये ठेवा, जावात मॅथ.ॲडएक्झॅक्ट वापरा, सी शार्पमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ओव्हरफ्लोची तपासणी चालू करा.

आणि रक्कम पैशांत का, थेट दशांशात का नाही? कारण डबल टाइपमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. एका नगामागे ते दिसत नाही. पण रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात करायची वेळ आली की बरोबर सीमेवरच्या रकमा इकडेतिकडे पडतात. सी शार्पमध्ये डेसिमल हा टाइप भाषेतच आहे आणि ‘दर * नग + भत्ता’ असं सरळ लिहिता येतं. जावात बिगडेसिमल वापरून ‘दर.मल्टिप्लाय(नग).ॲड(भत्ता)’ असं लिहावं लागतं. चार ओळींचं सूत्र असेल तर ते वाचताना कंस मोजत बसावं लागतं आणि चूक तिथेच लपते. कॉटलिनमध्ये बिगडेसिमललाही साधी चिन्हं चालतात, पण तिथे दुसरा काटा आहे: २.० आणि २.०० यांची ‘==’ ने तुलना केली तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण दशांशस्थळं वेगळी आहेत. कम्पेअरटू वापरायचं.

माग क्रमांक १२८. जावातली ही चूक पेरून पाहाच. मागांचे क्रमांक इंटिजर या ऑब्जेक्ट टाइपमध्ये ठेवले, लिस्टमध्ये ठेवायचे तर ठेवावेच लागतात, आणि दोन क्रमांकांची तुलना ‘==’ ने केली. साठ मागांच्या कारखान्यात सगळं बरोबर चालतं. चाचण्याही पास होतात. कारखाना वाढला, दीडशे माग झाले, आणि १२८ पासून पुढच्या मागांचं उत्पादनच रिपोर्टमध्ये येईना. कारण जावा उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. त्यापुढच्या आकड्याला दर वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो. ‘==’ किंमत तपासत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते तपासतं. बरोबर पद्धत इक्वल्सची. कॉटलिनमध्ये ‘==’ लिहिलं की आतून इक्वल्सच चालतं; ऑब्जेक्ट तोच आहे का ते तपासायचं असेल तर ‘===’ असं मुद्दाम लिहावं लागतं. एका चिन्हाचा अर्थ बदलला आणि चुकांचा एक अख्खा प्रकार संपला. सिंटॅक्सला नुसती सजावट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

रफूची नवी स्थिती. नग ‘तयार’, ‘सेकंड’ (दुय्यम प्रतीचा) किंवा ‘रद्द’ असतो. सहा महिन्यांनी ‘रफू’ वाढली. कोडमध्ये आठ ठिकाणी या स्थितीवरून निर्णय होतात. स्विफ्टमध्ये आठही जागा कंपाइलर दाखवतो. कॉटलिनमध्ये २०२२ च्या १.७ पासून तसंच. जावात नव्या पद्धतीचं स्विच एक्स्प्रेशन वापरलं असेल तर दाखवतो, जुनं स्विच असेल तर नाही. सी शार्प स्विच एक्स्प्रेशन असेल तर वॉर्निंग देतं. पायथन गप्प. पण कुणी घाईत ‘बाकी सगळं’ अशी एल्स शाखा टाकून ठेवली असेल तर या सगळ्या भाषा गप्प बसतात आणि रफूचे नग ‘तयार’मध्ये मोजले जातात. म्हणून नियम करा: स्थितींच्या निर्णयात एल्स लिहायचं नाही.

अक्षराची चूक आणि रात्रपाळी. पायथनमध्ये ‘कामगार.पगार’ ऐवजी ‘कामगार.पगर’ ला किंमत दिली तर एरर येत नाही, ‘पगर’ नावाचं नवं फील्ड तयार होतं आणि पगार जुनाच राहतो. क्लासमध्ये स्लॉट्स लिहिले किंवा डेटाक्लास फ्रोझन केला तर हे थांबतं. वारशाचंही, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याचंही, असंच. रात्रपाळीच्या क्लासमध्ये ‘पगारकाढ’ ऐवजी ‘पगार_काढ’ लिहिलं गेलं तर मूळ क्लासची मेथड चालते आणि रात्रीचा भत्ता गायब होतो. कॉटलिन आणि सी शार्पमध्ये ओव्हरराइड हा शब्द सक्तीचा आहे आणि नाव जुळलं नाही तर तिथेच अडतं. जावात ओव्हरराइडची खूण (ॲनोटेशन) ऐच्छिक आहे, ती सक्तीची करा. पायथनमध्ये ३.१२ पासून तशीच खूण (डेकोरेटर) आली आहे, पण तीही टाइप तपासणाऱ्या टूललाच कळते.

मेमरीची सुरक्षितता हा शब्द सध्या फार ऐकू येतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे होत्या. पुढच्याच वर्षी क्रोमच्या टीमने गंभीर त्रुटींबद्दल जवळपास तोच आकडा दिला. हा आकडा सी आणि सी प्लस प्लसमधल्या कोडचा आहे. जावा, सी शार्प, पायथन, कॉटलिन, स्विफ्ट यांत ॲरेच्या बाहेर वाचलं तर प्रोग्राम थांबतो. तेव्हा पायथन की कॉटलिन या वादात हा आकडा कुणी फेकला तर दुर्लक्ष करा, तो त्या वादाचा नाही. सी प्लस प्लस उमेदवारीत असेल तर मात्र तो सगळ्यात आधी मांडा.

शेवटच्या गाठीची चूक, दहावी, बहुतेक भाषांत शून्य गुणच मिळवेल. स्विफ्ट ६ आणि रस्ट एका प्रोग्राममधल्या थ्रेड्सचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) घोळ कंपाइल करताना पकडतात, पण दोन काउंटरवरचे दोन कॉम्प्युटर त्यांच्या हातात नाहीत. ते काम डेटाबेसचं आहे: साठा कमी करणाऱ्या अपडेटमध्येच ‘साठा पुरेसा असेल तरच’ ही अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य ओळी बदलल्या म्हणजे गाठ दुसऱ्याने नेली. बिल लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट नोंद राहू नये, हेही ट्रान्झॅक्शनचंच काम. भाषा बदलून यातलं काही सुटत नाही.

तिसरी पायरी: सिंटॅक्स डोळ्यांना कसा दिसतो ते नको, हाताला काय करायला लावतो ते पाहा

हॅलो वर्ल्ड किती ओळींत होतं यावरून काहीच कळत नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली, नेहमीची साधी गोष्ट किती लिहावी लागते. पाच फील्डचा कामगार क्लास जुन्या जावात कन्स्ट्रक्टर, गेटर, इक्वल्स, हॅशकोड धरून पन्नासेक ओळी व्हायचा. जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, रेकॉर्ड वापरून तो एका ओळीत होतो. कॉटलिनचा डेटा क्लासही तसाच. पायथनमध्ये ३.७ पासून डेटाक्लास आहे. तेव्हा ‘जावा लांबलचक’ ही तक्रार अजूनही करणाऱ्याला आधी विचारा, कुठली आवृत्ती? आणि कमी ओळी म्हणजे फक्त कमी टायपिंग नव्हे. हाताने लिहिलेल्या इक्वल्समध्ये सहावं फील्ड टाकायचं राहून जातं. आपोआप तयार होणाऱ्यात राहत नाही.

दुसरी, धोक्याची वाट लांबची आहे की जवळची. कॉटलिनमध्ये नलची तपासणी टाळायची तर ‘!!’ लिहावं लागतं. ते पानावर उठून दिसतं आणि सर्चमध्ये सापडतं. सी प्लस प्लसमध्ये उलट आहे: व्हेक्टरचा घटक चौकोनी कंसाने घेतला तर सीमा तपासली जात नाही, तपासून घ्यायचा तर ‘.ॲट’ लिहायचं. म्हणजे आखूड वाट असुरक्षित आणि लांब वाट सुरक्षित. संध्याकाळी सहाला, डिलिव्हरीच्या दिवशी, माणूस आखूड वाटेनेच जातो. भाषा जोखताना हा निकष बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिसरी, दुसऱ्याला ते वाचता येतं का. सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण इथे शिकलेला मुलगा वर्ष-दीड वर्ष काम करतो आणि पुण्याची गाडी पकडतो. कोड मागे राहतो. चाचणी अशी करा: पगाराचा साठ ओळींचा क्लास त्या भाषेत लिहा आणि ती भाषा न येणाऱ्या, पण दुसरी कुठलीतरी येणाऱ्या माणसासमोर ठेवा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी चालेल. सांगा, ‘रविवारच्या पाळीचा दर दीडपट कर.’ अर्धा तास द्या. त्याने योग्य ओळ शोधली का, आणि चुकीच्या जागी हात घातला तर कुणी अडवलं का, दोन्ही टिपून ठेवा. पायथन शोधण्याच्या बाबतीत बहुधा पुढे निघेल, अडवण्याच्या बाबतीत मागे. कॉटलिनमध्ये लेट, रन, ॲप्लाय, ऑल्सो एकात एक घातलेले असतील तर वाचणारा हमखास अडखळतो. आतला ‘इट’ नेमका कुणाचा हे लिहिणाऱ्यालाही महिन्याने सांगता येत नाही. अशा नक्षीकामाला टीममध्ये सरळ बंदी घाला.

पायथनबद्दल एक छोटी पण नेहमीची गोष्ट. कोडचा तुकडा व्हॉट्सॲपवरून आला की पुढच्या मोकळ्या जागा हलतात. टॅब आणि स्पेस मिसळले तर पायथन ३ एरर देते, पण एखादी ओळ चार स्पेस आत सरकून लूपमध्ये गेली तर काहीच बोलत नाही. बेरजेनंतर एकदाच लागायचा भत्ता दर नगामागे लागतो. कंसवाल्या भाषांत फॉरमॅटर ओळी पुन्हा जागेवर आणतो. कोड पाठवायचा तर गिटमधूनच, एवढी शिस्त इथे लागते.

आणखी एक, मराठी मजकुरासाठी. ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी जावा, कॉटलिन आणि पायथन ७ सांगतात, कारण ते काना, मात्रा, उकार वेगळे मोजतात. स्विफ्ट ४ सांगते, डोळ्याला दिसतात तेवढी. पावतीवर नाव दहा अक्षरांत कापताना पहिल्या तीन भाषांत शेवटचा काना तुटून पडतो. श्रीनिवास, मल्लिकार्जुन अशा नावांवर ही चाचणी घेऊन पाहा.

चौथी पायरी: वेशीवरची तपासणी

टाइपची सुरक्षितता तुमच्या कोडच्या वेशीपर्यंतच असते. बाहेरून एक्सेल, जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) किंवा जुन्या सॉफ्टवेअरची फाइल आली की ती भिंत ओलांडते. टाइपस्क्रिप्टचे टाइप चालताना उरतच नाहीत. सर्व्हरने आकड्याऐवजी अक्षरं पाठवली तर टाइपस्क्रिप्टला पत्ता लागत नाही. कॉटलिनमध्ये जीसन लायब्ररीने जेसन वाचलं तर नल चालणार नाही असं सांगितलेल्या फील्डमध्येही ती नल भरते, आणि एरर भलत्याच ठिकाणी, खूप नंतर येते. कॉटलिनची स्वतःची सिरियलायझेशन लायब्ररी तिथल्या तिथे नाकारते. वहीतली नववी चूक पेरताना लायब्ररीसकट पेरा, नुसत्या भाषेला गुण देऊ नका.

पाचवी पायरी: पेच आवळा

भाषा ठरली की पहिल्याच दिवशी सेटिंग कडक करा. दहा हजार ओळींनंतर करायला गेलं तर हजारभर वॉर्निंग येतात आणि लोक ते सेटिंगच बंद करतात.

सी शार्पमध्ये नलेबल चालू आणि वॉर्निंग म्हणजे एरर. टाइपस्क्रिप्टमध्ये स्ट्रिक्ट, आणि ‘एनी’ (काहीही चालेल) टाइपला लिंटर या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये बंदी. पायथनमध्ये मायपायचं स्ट्रिक्ट, कमिट होण्याआधी आपोआप. पीएचपीमध्ये प्रत्येक फाइलच्या माथ्यावर स्ट्रिक्ट टाइप्सची घोषणा. एका फाइलमध्ये लिहिली म्हणजे सगळीकडे लागू होते हा गैरसमज फार आहे, ती त्याच फाइलमधून केलेल्या कॉलपुरती असते. सी प्लस प्लसमध्ये सगळ्या वॉर्निंग चालू, आणि चाचण्या ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं टूल लावून. हे सगळं लावून झाल्यावर दहा चुका पुन्हा पेरा आणि गुण पुन्हा मोजा. पायथन आणि सी शार्पचा आकडा इथे चांगलाच वर चढतो.

मग घ्यायचं काय?

विंडोजवर चालणारं बिलिंग आणि पगार असेल तर सी शार्प. डेसिमल टाइप एवढं एक कारणही पुरे आहे. मागावर फिरत अँड्रॉइड फोनवर नग नोंदवायचे असतील तर कॉटलिन. फक्त अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते आणि खरं काम १६ वर होतं, ऑफिसातला जुना ४ जीबीचा कॉम्प्युटर त्यात गुदमरेल. फोन दोन्ही प्रकारचे असतील तर डार्ट. महिन्याच्या रिपोर्टसाठी, एक्सेल चाळण्यासाठी पायथन बिनधास्त, कारण उत्तर माणूस पाहतो आणि मगच वापरतो. पण पायथनमध्ये पगार वाटायचा असेल तर मायपायशिवाय नाही. मागावरच्या सेन्सरचं बोर्ड असेल तर बहुधा सी प्लस प्लसच वाट्याला येईल. तिथला कोड शक्य तितका लहान ठेवा, नुसते पिक (आडव्या धाग्याचे फेरे) मोजून पुढे पाठवा आणि हिशेब दुसऱ्या भाषेत करा.

आधीच जावात लिहिलेलं, चालू सॉफ्टवेअर असेल तर सगळं मोडून नव्याने लिहू नका. कॉटलिन आणि जावा एकाच प्रोजेक्टमध्ये राहतात. सुरुवात पैशाच्या क्लासपासून करा, एका वेळी एक फाइल. जावाकडून आलेल्या किमतीबाबत कॉटलिन नलची तपासणी सोडून देते, म्हणून ज्या जावा मेथड कॉटलिनमधून बोलावता त्यांच्यावर नलेबल किंवा नॉननल ॲनोटेशन आधी लावा, मगच फाइल बदला. बदललेली आणि जुनी अशा दोन्ही पद्धतींनी तीन आठवड्यांचा पगार काढा आणि दोन्ही तक्ते कामगारनिहाय पैशापर्यंत जुळवा. जिथे जुळत नाही तिथे नवीनच चुकलं असेल असं धरू नका, जुन्या तक्त्याची ती ओळ हाताने मोजून पाहा.